‘मी त्यातली नाही’ म्हणताना

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून थोडक्यात देते.

ताईंचं वय ४६. ९ वर्षांपूर्वी यजमान अचानक गेले. तेव्हा मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा १० वर्षांचा. पदरात ३ एकर द्राक्षबाग आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पहिली दोन वर्षं धाकट्या दिरांनी छाटणी, औषधं, व्यापारी असं सगळं बघितलं, वहिनींना शिकवलंही. मग ताईंनी बाग स्वतः करायला घेतली. आज कर्ज फिटलंय, बेदाण्याची शेड उभी आहे, हंगामात वीस-पंचवीस बायका कामाला असतात. यंदा ८ मार्चला तालुक्याच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला. भाषणात त्या म्हणाल्या, “मी काही स्त्रीवादी वगैरे नाही. मी फक्त माझा संसार सांभाळला.” टाळ्या पडल्या. दिरांनी तो व्हिडिओ भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “याला म्हणतात संस्कार.” पुण्यात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीनं तो पाहिला. तेव्हापासून ती धड बोलत नाही, पाडव्यालाही आली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, “आई, तू मला सगळ्यांसमोर एकटी पाडलंस.”

ताई विचारतात, “मी काय वाईट बोलले? नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, दीर भावासारखा उभा राहिला. पुरुषांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या, लोकांची घरं मोडणाऱ्या बायकांच्या पंगतीत मी का बसू? जे केलं ते स्वतःच्या हिमतीवर केलं. मुलगी म्हणते, तू स्त्रीवादीच आहेस, फक्त कबूल करायला घाबरतेस. मी तिची माफी मागू की तिलाच समजावू?” आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: “मुलीचं हक्कसोडपत्र करून घ्यावं असं दिरांच्या मनात आहे. लग्न तर आम्ही थाटात करणारच आहोत. त्यावरूनही ती चिडलेली असावी.”

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ताजा कलमापासून सुरुवात केली, कारण सगळ्या पत्राचा जीव मला त्या एका ओळीत दिसला. तिच्याकडे येतेच, पण आधी तुम्ही जे विचारलंय त्याबद्दल.

बाईनं स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घ्यायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं. ते तुमच्या मुलीनं ठरवायचं नाही आणि मीही नाही. हा शब्द न घेणारी बाई घाबरट असते किंवा तिला काही कळत नाही, असं मी अजिबात मानत नाही. तो नाकारणाऱ्यांत फार मोठ्या बायका होऊन गेल्या. फ्रान्समध्ये सिमोन द बोव्हार यांनी १९४९ साली बाईच्या स्थितीवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. जगभरच्या स्त्रियांच्या चळवळींनी तो डोक्यावर घेतला, पण स्वतःला स्त्रीवादी म्हणायला त्यांना १९७२ साल उजाडावं लागलं. दिल्लीत ‘मानुषी’ हे नियतकालिक चालवणाऱ्या मधु किश्वर यांनी तर १९९० साली, आपण स्वतःला स्त्रीवादी का म्हणत नाही यावर लेखच लिहिला. अमेरिकेत लेखिका ॲलिस वॉकर यांनी १९८३ साली काळ्या बायकांसाठी वेगळाच शब्द मांडला, कारण गोऱ्या, सुखवस्तू बायकांच्या हिशेबात आपलं दुःख धरलेलंच नाही असा काळ्या बायकांचा अनुभव होता. आपल्याकडे दलित बायकांनीही हेच सुनावलं. चळवळीच्या भाषणातली ‘बाई’ ऐकताना त्यांना स्वतःची आई, आजी कुठे दिसत नव्हती. १९९५ साली त्यांनी देशपातळीवर आपला वेगळा महासंघ उभा केला.

तेव्हा नकाराला मी कमी लेखत नाही. पण ताई, यातल्या बहुतेकींच्या नकारात एक गोष्ट आहे, ती तुमच्या त्या वाक्यात मला सापडली नाही. हा शब्द आम्हाला अपुरा पडतो, आमचं मागणं याहून मोठं आहे, असं त्या सांगत होत्या. तुम्ही मंचावरून जे बोललात ते मात्र ‘मी काही फार मागत नाही, काळजी नको’ असं ऐकू गेलं. तुमच्या मनात तसं नसेल. पण टाळ्या कशाला पडल्या ते आठवून बघा. कर्ज फेडलं, शेड बांधली, हे सांगितलंत तेव्हा पडल्या असतील, आणि ‘मी त्यातली नाही’ म्हणालात तेव्हा पडल्या त्या जरा वेगळ्या असतील. समोर बसलेल्यांना हायसं वाटलं, त्याचा तो आवाज होता.

तुम्ही असं का बोललात हे मला समजतं, कारण आपल्या भागात बाईनं वर मान केली की पुढचं वाक्य तिला तयार ठेवावं लागतं. बागेला पाणी द्यायला रात्री दोनला तुम्ही एकट्या मोटारीवर गेला असाल, खताच्या दुकानात उधारीवरून वाद घातला असेल, व्यापाऱ्यानं दर पाडला तेव्हा गाडी भरू दिली नसेल. यातली प्रत्येक गोष्ट केल्यावर घरी येऊन पदर सारखा करायचा आणि दाखवून द्यायचं की मी आहे तशीच आहे, बिघडलेली नाही. हे नऊ वर्षं केल्यावर ते वाक्य आपोआप तोंडात बसतं. सत्काराला उभं राहिल्यावर तर हमखास येतं, कारण बाईचं कौतुक भावकी ऐकून घेते, पण ती ‘शेफारली’ नाही याची खात्री तिला त्याच दमात हवी असते.

शिवाय ‘स्त्रीवादी’ हा शब्द आपल्या गावांत पोचला तोच शिवी म्हणून. त्याच्याआधी ‘स्त्रीमुक्तीवाली’ होतं. सून माहेरी चार दिवस जास्त राहिली तरी स्त्रीमुक्तीवाली, मुलीनं बघायला आलेल्या मुलाला पगार विचारला तरी स्त्रीमुक्तीवाली. या शब्दात काय आहे हे कुणी सांगितलं नाही, तो कुणावर मारायचा एवढंच सगळ्यांना ठाऊक. साताऱ्यात २०११ साली झालेला नामकरणाचा कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. नको असताना झाली म्हणून ‘नकुशा’ नाव ठेवलेल्या २८५ मुलींची नावं बदलली, आणि कित्येकींनी नवं नाव स्वतः निवडलं. दुसऱ्यानं चिकटवलेलं नाव आणि आपण उचललेलं नाव यात किती अंतर असतं, ते त्या मुलींना विचारावं. तुमच्या कानांवर हा शब्द कायम चिकटवलेल्या रूपात आला. तुमच्या मुलीनं तो पुण्यात जाऊन उचलला. दोघी एकच शब्द उच्चारता, पण तो दोन वेगळ्या दारांनी घरात आलाय.

स्त्रीवाद हे परदेशी खूळ आहे असं पुष्कळ वाचक मला लिहितात, म्हणून जाता जाता एक सांगते. १८८२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ह्युबर्टीन ओक्लेर स्वतःसाठी हा शब्द वापरू लागल्या होत्या. त्याच १८८२ साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेकडच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली होती आणि त्या निमित्तानं वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या चारित्र्यावर घसरली होती. ताराबाईंना राग आला, आणि त्यांनी तो मराठीत लिहून काढला. फ्रान्समधून शब्द यायची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

आता तुमच्या ‘घरं मोडणाऱ्या बायका’ या शब्दांकडे येते. ते वाचून मला वाईट वाटलं. रागावले नाही, पण वाईट वाटलं, कारण मी त्या बायका पाहिल्या आहेत. १९८० च्या दशकात सांगली-साताऱ्याच्या गावांमधून परित्यक्तांच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, तिथंच राहून काम केलेल्या अभ्यासक गेल ऑम्व्हेट आणि त्यांच्याबरोबरच्या असंख्य शेतमजूर बायका त्यात होत्या. नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या घरी मोलकरणीसारखी राबत असायची. तिचं नाव नवऱ्याच्या रेशनकार्डावर, आणि नवरा दुसरी करून मोकळा. त्या बायकांचं पहिलं मागणं होतं रेशनकार्ड. आमच्या नावाचं, वेगळं. ज्यांना हे मागावं लागलं त्यांचं घर कुणी चळवळीवालीनं मोडलं नव्हतं, ते आधीच मोडून पडलेलं होतं.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. मी तेव्हा सांगलीत नोकरीला नुकतीच लागले होते. संध्याकाळी काही बायकांचे रेशनकार्डाचे अर्ज लिहून द्यायचे. एक दिवस कार्यालयातल्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्ही त्या स्त्रीमुक्तीवाल्यांत जाता म्हणे?” माझं लग्न ठरायचं होतं, नोकरी कायम व्हायची होती. मी पटकन म्हणाले, “छे हो, मी त्यातली नाही. फक्त अर्ज लिहून देते.” सगळे हसले, विषय संपला. दाराशी एक बाई उभी होती. हिरवं जुनेर, हातात पिशवी, पिशवीत लग्नाची पत्रिका आणि सरपंचांचा दाखला. माझ्याकडूनच अर्ज लिहून घ्यायला आली होती. तिनं ऐकलं. काही न बोलता निघून गेली आणि परत माझ्याकडे आली नाही. महिन्याभरानं बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, “तुम्ही त्यातल्या न्हाई म्हणालासा. मग म्हटलं, उगं तुमाला तरास कशाला?”

मी खोटं बोलले नव्हते. मी कुठल्याच संघटनेची सभासद नव्हते. तरी त्या ‘नाही’मुळे माझ्या वरिष्ठांना बरं वाटलं आणि दारातल्या बाईला कळलं की ही आपल्यासाठी कुणाशी वाईटपणा घेणार नाही. तुमची मुलगी म्हणाली, ‘एकटी पाडलंस’. ते वाचलं तेव्हा मला ती पिशवी आठवली.

‘जे केलं ते स्वतःच्या हिमतीवर’ असं तुम्ही लिहिलंत. तुमची हिंमत मी एका तसूनंही कमी धरत नाही. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आल्यावर रात्रभर जागून पहाटे फवारणी करणाऱ्या बाईला हिंमत कशाला म्हणतात हे मी काय सांगणार! पण हिमतीला उभं राहायला जमीन लागते, आणि ती जमीन तुमच्या नावावर कशी आली? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी विधवेच्या वाट्याला नवऱ्याची जमीन आली तरी ती हयातीपुरती असायची. कसायची आणि पोट भरायचं, पण मालकीण म्हणून विकायची किंवा आपल्या मर्जीनं कुणाला द्यायची सोय नव्हती. तुमच्या आजेसासूबाईंची हिंमत तुमच्यापेक्षा कमी असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यामागे कायदा नव्हता. हा वारसा कायदा ज्यातून आला ते हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, आणि त्यानंतर ते तुकड्या-तुकड्यानं मंजूर झालं. म्हसवडच्या बायकांचंही तेच. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातल्या त्या बायका, त्यांना कष्ट आणि बचत कुणी शिकवायची गरज नव्हती. पण कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर त्या बँक काढायला निघाल्या तेव्हा बऱ्याच जणींचे अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिंमत होतीच, परवाना मात्र भांडून आणावा लागला. तुम्ही ज्या बायकांच्या पंगतीत बसायचं नाही म्हणता, त्यांनी असे बरेच परवाने आणून ठेवलेत. त्यांतला एक तुमच्या सातबाऱ्यावर आहे.

दिरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला मनापासून आवडलं. भाऊ गेल्यावर वहिनीला बाग शिकवणारे दीर मी फार कमी पाहिलेत. बाग ‘सांभाळायला’ घेऊन परत न देणारे जास्त पाहिलेत. तुमची कृतज्ञता खरी आहे आणि ती राहू द्या. स्त्रियांच्या बाजूनं बोलायचं तर चांगल्या पुरुषांचे उपकार नाकारावे लागतात, असं तुमच्या मनात कुणी भरवलं असेल तर ते काढून टाका. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. त्या शेतकऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला स्त्रीवादी म्हटलं असेल? त्यांनी सातबाऱ्यावर नाव लावलं, आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

पण उपकार तुमच्यावर झालेत, ताई. ते फेडायचे असतील तर तुमच्या वाट्यातून फेडा, लेकीच्या वाट्यातून नको.

आणि इथं ताजा कलम येतो. घटना कुठल्या क्रमानं घडल्या बघा. दिरांच्या मनात हक्कसोडपत्र आहे, मुलीच्या कानावर ते गेलंय. तिनं विरोध केला असणार, नाहीतर तुम्ही ‘त्यावरूनही’ असं लिहिलं नसतं. तेवढ्यात तुम्ही मंचावरून म्हणालात, मी स्त्रीवादी नाही. आणि ज्यांना तिची सही हवी आहे त्यांनीच तो व्हिडिओ ग्रुपवर टाकून लिहिलं, ‘याला म्हणतात संस्कार’. ते वाक्य कुणासाठी लिहिलं होतं? दिरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण २२ वर्षांच्या मुलीनं ते वाचलं तेव्हा तिला एवढंच दिसलं की आपण आपला वाटा मागतोय आणि आपलीच आई साक्षीदार म्हणून समोरच्या बाजूला उभी आहे. ती शब्दावरून रुसलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा हक्कसोडपत्राचं नीट समजून घ्या. हे तुमच्यासारख्या अनेक घरांसाठी लिहिते आहे, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे याच विषयाची पत्रं सर्वांत जास्त येतात. तुमच्या यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांचा हिस्सा त्यांची आई हयात असल्यास आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखा जातो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्नात खर्च केला म्हणजे वाटा दिला, असं कायद्यात कुठेही नाही. ते आपण एकमेकांना सांगत आलेलो आहोत, एवढंच. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं की मुलीला ‘मला नको होतं’ म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, तेही स्वतःच्या काकाविरुद्ध आणि भावाविरुद्ध. म्हणजे ज्या कागदानं घर एकत्र राहील असं दिरांना वाटतं, त्यातच पुढच्या भांडणाचं बी आहे.

‘बँकेच्या कर्जाला सह्या कमी लागतील’ असं कारण बहुधा दिलं गेलं असेल, नेहमी तेच देतात. त्यासाठी हक्क सोडायची गरज नाही. मुलगी पुण्याहून संमतीपत्र देऊ शकते, ठरावीक कामापुरतं तुमच्या नावे मुखत्यारपत्र करू शकते. आधी तुम्ही ताजा सातबारा आणि वारसाचा फेरफार काढून बघा. मुलीचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात आहे की ‘इतर हक्कां’त सरकवलंय? आपल्याकडे मुलींची नावं तिकडे लावायची खोड जुनी आहे. तिच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ (म्हणजे अज्ञान, पालनकर्ती आई) असा शेरा अजून असेल, तर ती सज्ञान झाली आहे. वयाचा दाखला जोडून तलाठ्यांकडे अर्ज द्या आणि तो कमी करून घ्या. आणि तिला स्वतःचा स्वतंत्र सल्ला घेऊ द्या. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. सांगलीला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. सगळं समजून घेऊन, कुणी मागे न लागता, तिनं उद्या भावाला वाटा दिला तर तो तिचा मोठेपणा. आता अक्षय्य तृतीयेच्या गडबडीत, काका-आत्यांच्या घोळक्यात घेतलेली सही मात्र तिचा मोठेपणा नाही.

तुम्ही स्वतः माहेरी हक्कसोड करून दिलं होतंत का? पत्रात नाही, पण तुमच्या-माझ्या वयाच्या बहुतेकींनी दिलंय. दिलं असेल तर तुम्हाला काय वाटलं होतं, ते कुणीच कधी विचारलेलं नसणार. मुलीशी बोलताना कदाचित तिथून सुरुवात करता येईल.

एक गोष्ट अजून, आणि ही जरा टोचेल. तुमच्या बागेत वीस-पंचवीस बायका असतात. विरळणीच्या दिवसांत मी अशा बागांत फिरलेली आहे. मांडवाखाली दिवसभर हात वर, मान मागे, हातात ती चिमुकली कात्री. कुठला मणी राहिला तर फुगेल आणि कुठला काढला नाही तर घड दाटेल, हे बघता बघता ठरवायचं. घडाला हात लागून लव जाता कामा नये, उरलेल्या मण्याला कात्रीचं टोक लागता कामा नये. संध्याकाळी मान सरळ होत नाही, दंडात गोळे येतात. माल एक्स्पोर्टला जातो तो या कात्रीमुळे. आणि हजेरीच्या वहीत गड्याचा आकडा वेगळा, बाईचा वेगळा. का, तर गडी ‘जड’ काम करतो. समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ सालीच झाला. बागेत तो क्वचितच पोचतो. तुमच्या वहीत काय आकडे आहेत मला माहीत नाही. तुम्ही दोन्ही सारखे ठेवले असतील तर मी हात जोडते. नसतील तर पुढच्या गोड्या छाटणीआधी एकदा त्या वहीचं पान उघडून बसा. शेजारच्या बागाईतदारांचा दबाव असतो, ‘तुम्ही दर वाढवला की आमच्याही बाया मागतील’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. एकदम नाही जमलं तर विरळणी आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला तरी कुशल कामाचा दर द्या. तुमच्या बागेत येणाऱ्या बाईला तुम्ही स्वतःला काय म्हणवता याच्याशी देणंघेणं नाही. शनिवारी हातात किती पडतात, हे तिला बरोबर कळतं.

माफी मागू का, असं तुम्ही विचारलंत. शब्द नाकारल्याबद्दल मागू नका, त्यात चूक नाही. पण त्या व्हिडिओखाली जे लिहिलं गेलं ते वाचून तुम्ही गप्प राहिलात, त्याबद्दल मुलीजवळ बोला. आणि ग्रुपवरही एक ओळ लिहा, भांडणाची नको. “माझ्या बोलण्याचा कुणी वेगळा अर्थ काढू नये. माझ्या मुलीला तिच्या हक्काचं सगळं मिळेल, हे मी तिच्या वडिलांच्या नावानं सांगते.” बस्स. दीर दोन दिवस गप्प होतील. ज्यांनी तुम्हाला छाटणी शिकवली ते एवढ्यानं तुटणार नाहीत. समोर बसवून, चहा ठेवून, तुम्हीच त्यांना सांगा की भाऊजी, तुम्ही नसता तर मी उभी राहिले नसते, आणि आता माझ्या लेकीलाही तसंच उभं राहू द्या. हे सांगायला तुमच्याइतका अधिकार कुणाचा नाही.

मुलीलाही दोन शब्द, हे पत्र तिच्या हाती लागलं तर. बाळ, तुझी आई शब्द घेत नाही म्हणून तिला घाबरट म्हणू नकोस. तू वाचून जे शिकलीस त्यातलं बरंच तिनं आधी करून बसवलंय, तेही अशा गावात जिथं तिला रोज त्याच माणसांच्या तोंडाकडे बघून जगायचं आहे. तू पुण्यात तो शब्द बोललीस तर मैत्रिणी मान डोलावतात. ती गावात बोलली तर उद्या ट्रॅक्टर कुणाचा मागायचा, हा प्रश्न पडतो. तिच्याकडून शब्द नको मागूस, तुला खरं जे हवंय ते माग. ते स्पष्ट नाव घेऊन माग.

ताई, फोन आजच करा. पण सत्काराचा, भाषणाचा विषय आधी काढू नका. सातबारा आणून ठेवलाय, तुझं नाव कुठल्या रकान्यात आहे ते दोघी मिळून बघू, खरड छाटणीला घरी ये, असं सांगा.